विंडोजवरचं व्हर्च्युअल मशीन लिनक्सवर नेलं की सुरूच होत नाही: नेमकं कुठे अडतं

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा आधार संपला. तेव्हापासून गोव्यातल्या फोंडा, म्हापसा, डिचोली या भागातून माझ्याकडे एकच काम पुन्हा पुन्हा येतंय. कॉम्प्युटर धडधाकट असतो, पण विंडोज ११ त्याला स्वीकारत नाही. मग मालक त्यावर उबुंटू किंवा मिंट ही लिनक्सची रूपं टाकून घेतो. ब्राउजर, मेल, पत्रव्यवहार सगळं सुरळीत चालतं आणि गाडी एकाच ठिकाणी अडते. जुन्या विंडोजवर व्हर्च्युअलबॉक्समध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत दुसरा आभासी कॉम्प्युटर (व्हर्च्युअल मशीन) चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, एक्सपी किंवा विंडोज ७ चालत होतं. त्यात असं एखादं सॉफ्टवेअर असतं की ज्यावाचून धंदाच बंद. छापखान्यात ते जुन्या मराठी फॉन्टांचं डीटीपी असतं, देवस्थानच्या कचेरीत पावत्यांचं, एखाद्या हिशेबनिसाकडे दहा-पंधरा वर्षांच्या खातेवह्यांचं. तक्रारीचे शब्दही ठरलेले: "फाइल कॉपी केली, नव्यावर जोडली, चालू होत नाही."

डिस्कची फाइल नेली म्हणजे मशीन नेलं, असं सगळ्यांना वाटतं. खरं म्हणजे डिस्क क्वचितच बिघडते. बिघडतं ते डिस्कच्या बाहेर लिहिलेलं असतं: ती कुठल्या कंट्रोलरला (डिस्क जोडायच्या आभासी जागेला) जोडली होती, मशीन बायॉसने सुरू व्हायचं की नव्या पद्धतीच्या ईएफआयने, नेटवर्क कुठल्या कार्डावरून जात होतं, मशीन पूर्ण बंद होतं की झोपवलेलं, आणि मध्ये कोणी स्नॅपशॉट (मशीनच्या त्या क्षणाच्या स्थितीच्या नोंदी) घेतले होते का. यातलं बरंचसं त्या छोट्या, शेवटी 'व्हीबॉक्स' लिहिलेल्या फाइलीत असतं. ती पडते काही केबींची, आणि बाजूची व्हीडीआय, म्हणजे डिस्कची फाइल, चाळीस जीबींची. म्हणून लोक मोठी उचलतात आणि छोटी तिथेच सोडतात. आणि बहुतेकदा तोच जुना कॉम्प्युटर फॉरमॅट करून त्यावर लिनक्स चढवायचं असतं, म्हणजे सोडलेली फाइल कायमची गेली.

म्हणून पहिलं सांगणं: फाइल नेऊ नका, फोल्डर न्या. विंडोजवर तो साधारणपणे युजरच्या घरात 'व्हर्च्युअलबॉक्स व्हीएम्स' या नावाखाली मशीनच्या नावाने असतो. त्यातलं स्नॅपशॉट्सचं पोटफोल्डर, लॉग्ज, असल्यास एनव्हीरॅम नावाची फाइल, सगळं जसंच्या तसं. आणि निघण्याआधी सेटिंग्जच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. हास्यास्पद वाटेल, पण पुढची निम्मी डोकेदुखी त्या फोटोंवर सुटते.

मशीन चालू होतं, पण जुनं दिसतं

हा प्रकार सगळ्यात वाईट, कारण इथे एररच येत नाही. कार्तिकी पौर्णिमेनंतर फोंडा तालुक्यात जत्रांचा हंगाम सुरू होतो. पत्रकं, नाटकांच्या जाहिराती, देणगीच्या पावत्या यांची छापखान्यांत झुंबड असते. नेमक्या त्या दिवसांत एका छापखान्यातून फोन आला.

"दादा, एक्सपी सुरू झालं. पण गेल्या जत्रेची एकही फाइल नाही. दोन वर्षांपूर्वीचं सगळं आहे."

"काका, आत्ताच्या आत्ता बंद करा. काही उघडू नका, काही सेव्ह करू नका."

झालं असं होतं की दोन वर्षांपूर्वी कोणीतरी 'सुरक्षित असावं' म्हणून एक स्नॅपशॉट घेतला होता आणि विसरून गेला होता. स्नॅपशॉट घेतला की मूळ व्हीडीआय त्या क्षणाला गोठते. त्यानंतरचं सगळं काम स्नॅपशॉट्सच्या फोल्डरात, महिरपी कंसात लांबलचक आकडे-अक्षरं असलेल्या नावाच्या दुसऱ्या व्हीडीआयमध्ये लिहिलं जातं. नवीन कॉम्प्युटरवर त्यांनी फक्त मूळ डिस्क आणली होती. तिने प्रामाणिकपणे दोन वर्षांपूर्वीचा छापखाना उघडून दाखवला.

फोनवर 'बंद करा' म्हणण्याचं कारण वेगळं आहे. ती फरकाची फाइल फक्त फरक नोंदवते, आणि तो ज्या डिस्कच्या तुलनेत नोंदवलेला असतो ती डिस्क तिळमात्रही बदललेली चालत नाही. मूळ डिस्क एकटी सुरू केली की एक्सपी बूट होतानाच तिच्यावर शेकडो गोष्टी लिहितं. मग नंतर फरकाची फाइल सापडली तरी ती जोडणी भरवशाची राहत नाही. त्यांच्या नशिबाने जुनी हार्ड डिस्क अजून कपाटात होती, पुसलेली नव्हती. तिच्यावरून पूर्ण फोल्डर नव्याने आणला आणि विषय संपला.

याचा कायमचा उपाय हलवण्याआधीच करायचा. विंडोजवर असतानाच स्नॅपशॉट मिटवून टाका. इथे बरेच जण घाबरतात, कारण 'डिलीट' शब्द दिसतो. स्नॅपशॉट डिलीट केला की आजची स्थिती जात नाही. फरक मूळ डिस्कमध्ये मिसळला जातो आणि साखळी लहान होते. धोका आहे तो बाजूच्या 'रीस्टोअर' बटणात. ते मशीनला त्या जुन्या दिवसावर नेतं आणि आजचं काम टाकून देतं. रीस्टोअर करताना आजच्या स्थितीचा स्नॅपशॉट घ्यायची एक खूण समोर येते, पण घाईत ती काढून टाकणारेही पाहिलेत. मिसळताना डिस्कवर मोकळी जागा लागते आणि वेळही बराच जातो. पट्टी अर्ध्यात थांबल्यासारखी वाटली तरी खिडकी बंद करू नका. जागा नसेल तर बाहेरच्या डिस्कवर 'फुल क्लोन' करा आणि त्यात फक्त चालू स्थिती निवडा. 'लिंक्ड क्लोन' मात्र नको. तो मूळ मशीनवर टेकलेला असतो, त्याला एकटा कुठेच नेता येत नाही.

बंद म्हणजे पूर्ण बंद

खिडकीची फुली दाबली की व्हर्च्युअलबॉक्स तीन पर्याय देतो आणि त्यात 'सेव्ह द मशीन स्टेट' असतो. रोजच्या कामाला तो सोयीचा आहे, पण प्रवासाला नाही. त्यात मेमरी आणि प्रत्येक आभासी उपकरणाची त्या क्षणाची अवस्था साठवलेली असते. ती वेगळ्या प्रोसेसरवर, वेगळ्या आवृत्तीवर उघडेलच असं नाही. नव्या ठिकाणी मशीनच्या नावाखाली 'सेव्ह्ड' दिसत असेल आणि सुरू करताना अडत असेल, तर जुना कॉम्प्युटर अजून हाताशी आहे का बघा. असेल तर तिथे उघडून नीट बंद करा. नसेल तर 'डिस्कार्ड सेव्ह्ड स्टेट' एवढाच मार्ग उरतो. त्याचा परिणाम चालत्या मशीनचा प्लग ओढल्यासारखाच: न साठवलेलं गेलं.

आत विंडोज ८ किंवा त्यापुढचं असेल तर 'शट डाउन'सुद्धा पुरेसं नाही. 'फास्ट स्टार्टअप'मुळे ते अर्धवट झोपतं. शिफ्ट दाबून धरून शट डाउन करा, म्हणजे ते खरोखर बंद होतं. एक्सपी आणि विंडोज ७मध्ये ही भानगड नाही.

पेन ड्राइव्हवर जातच नाही

पेन ड्राइव्ह फॅट३२ असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल तो घेत नाही, मग त्यावर कितीही जागा रिकामी असो. एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा. उबुंटू आणि मिंटच्या आजच्या आवृत्त्या एक्सफॅट बिनतक्रार वाचतात. कॉपी झाल्यावर दोन्हीकडे चेकसम (फाइलीवरून निघणारा पडताळणीचा आकडा) काढून ताडून बघा. विंडोजवर 'सर्टयुटिल' हे साधन आधीपासून असतं, लिनक्सवर 'शा२५६सम'. पावसाळ्यात इथे वीज कधी जाईल सांगता येत नाही, आणि मध्येच तुटलेली कॉपी वरकरणी पूर्ण दिसू शकते.

फोल्डर की ओव्हीए?

यावर मतभेद आहेत. माझं मत असं: दोन्हीकडे व्हर्च्युअलबॉक्सच असेल तर फोल्डरच बरा. ओव्हीए म्हणजे मशीन निर्यात केल्यावर मिळणारं एक टार पुडकं असतं, त्यात मशीनचं वर्णन आणि व्हीएमडीके स्वरूपातली डिस्क. त्यात स्नॅपशॉट येत नाहीत, फक्त चालू स्थिती येते. म्हणजे वर सांगितलेला स्नॅपशॉटचा घोळ आपोआप टळतो, हा त्याचा फायदा. तोटा असा की आयात करताना मॅक ॲड्रेसचं (नेटवर्क कार्डाच्या ओळखक्रमांकाचं) धोरण ठरवणारी एक यादी असते आणि ती मुळात फक्त नॅटवरच्या (कॉम्प्युटरच्या आडून नेटवर्कवर जाणाऱ्या) कार्डांचे पत्ते जपते. ब्रिज्ड (नेटवर्कला थेट जोडलेल्या) कार्डाला नवा पत्ता मिळतो. मग आतलं विंडोज म्हणतं की नवीन कार्ड आलं, जुना ठरवलेला आयपी हरवतो, आणि मॅक ॲड्रेसशी बांधलेला परवाना असेल तर सॉफ्टवेअर परत नोंदणी मागतं. एक्सपीची स्वतःची ॲक्टिव्हेशनसुद्धा नेटवर्क कार्डाकडे बघते. तेव्हा आयात करत असाल तर त्या यादीत 'सगळे पत्ते ठेवा' निवडा. जिथे पुढे व्हीएमवेअरला जायचं आहे तिथे ओव्हीए रास्त.

लिनक्सवर: व्हर्च्युअलबॉक्सच उठत नाही

आता नवीन घरी. इथे पहिलं अडतं ते मशीन नसून खुद्द व्हर्च्युअलबॉक्स असतं.

'कर्नल ड्रायव्हर नॉट इन्स्टॉल्ड' आणि शेवटी उणे १९०८ असा आकडा आला, तर दहात नऊ वेळा सिक्युअर बूट (सही मान्य नसलेले ड्रायव्हर अडवणारी सोय) कारण असतं. उबुंटूवर बसवताना एक पासवर्ड ठरवायला सांगितला जातो. पुढच्या रीस्टार्टला निळ्या पडद्यावर 'एन्रोल मॉक' (ड्रायव्हरच्या सहीची किल्ली नोंदवा) असा पर्याय येतो. त्या पडद्यावर सुरुवातीला काही सेकंदांतच कुठलीतरी कळ दाबावी लागते, नाहीतर तो निघून जातो. लोकांना तो व्हायरस वाटतो, ते 'कंटिन्यू बूट' करतात, आणि ड्रायव्हरची सही मान्यच होत नाही. टर्मिनलवर 'मॉकयुटिल'ने ती किल्ली पुन्हा नोंदवायला टाका, रीस्टार्ट करा, यावेळी 'एन्रोल मॉक' निवडा, ठरवलेला पासवर्ड द्या. सिक्युअर बूट बंद करणं हा सोपा मार्ग आहे, पण कचेरीच्या कॉम्प्युटरवर मी तो वापरत नाही.

संदेशात 'व्हीटी-एक्स' किंवा 'एसव्हीएम' बंद असल्याचं येत असेल तर बायॉसमध्ये जाऊन व्हर्च्युअलायझेशन चालू करा. एएमडीच्या मदरबोर्डांवर ते 'एसव्हीएम मोड' या नावाने असतं.

तिसरी गोष्ट नवी आहे. बायॉसमध्ये सगळं चालू असूनही संदेशात 'व्हीएमएक्स रूट मोड' असे शब्द येतात. लिनक्स कर्नल ६.१२पासून केव्हीएमचं (लिनक्सच्या स्वतःच्या व्हर्च्युअल मशीन सोयीचं) मोड्यूल लोड होतानाच प्रोसेसरची ती सोय ताब्यात घेतं, मग व्हर्च्युअलबॉक्सला काही उरत नाही. केव्हीएम वापरत नसाल तर 'केव्हीएम-इंटेल' मोड्यूल उतरवा, एएमडी असेल तर 'केव्हीएम-एएमडी', आणि ते पुन्हा आपोआप चढू नये म्हणून काळ्या यादीत टाका. काल चालत होतं आणि अपडेटनंतर आज बंद, असं असेल तर पहिला संशय इथेच घ्या.

आवृत्तीकडेही लक्ष द्या. उबुंटू २४.०४च्या स्वतःच्या भांडारात व्हर्च्युअलबॉक्स ७.० आहे. विंडोजवर तुम्ही त्याच्या पुढची वापरत असाल तर सेटिंग्जची फाइल 'नव्या आवृत्तीची' म्हणून नाकारली जाऊ शकते. नव्या घरी तीच किंवा त्यापुढची आवृत्ती बसवा.

'व्हीबॉक्स' फाइल उघडते, पण मशीन सुरू होत नाही

मेनूतून 'ॲड' करून फोल्डरातली छोटी फाइल दाखवा, मशीन यादीत येईल. 'इनॅक्सेसिबल' असं दिसलं तर कुठला तरी पत्ता विंडोजच्या धाटणीचा उरलाय. डिस्क दुसऱ्याच ड्राइव्हवर ठेवलेली असेल तर फाइलीत तिचा 'डी' ड्राइव्हचा पूर्ण पत्ता असतो आणि लिनक्सला तो कळत नाही. सीडीच्या जागी एखादी आयएसओ अडकवून ठेवली असेल तरी तेच. ती निघण्याआधी काढलेली बरी.

यानंतरची, आणि माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त वेळा येणारी तक्रार नेटवर्कची. 'फेल्ड टू ओपन ऑर क्रिएट द इंटर्नल नेटवर्क' असा लांब संदेश येतो आणि माणूस गळाठतो. कारण क्षुल्लक असतं. विंडोजवर ब्रिज्ड कार्डाचं नाव कंपनीच्या पूर्ण नावानिशी लिहिलेलं होतं, लिनक्सवर तेच कार्ड 'ईएनपी३एस०' अशा काहीतरी नावाचं असतं. सेटिंग्जमध्ये नेटवर्कचं पान उघडा, यादीतून इथलं कार्ड निवडा, झालं. एक्सपी असेल तर त्याहून चांगलं म्हणजे 'नॉट अटॅच्ड' करा. एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४लाच संपला आहे, त्याला इंटरनेटवर सोडण्यात काही अर्थ नाही. कार्ड आणि त्याचा पत्ता तसाच राहतो, त्यामुळे ॲक्टिव्हेशनही दुखावत नाही. फाइलींची देवाणघेवाण शेअर्ड फोल्डरमधून होते आणि त्याला नेटवर्क लागत नाही. शेअर्ड फोल्डरचा पत्ता मात्र नव्याने द्यावा लागेल. नाव तेच ठेवा, म्हणजे आतला 'झेड' ड्राइव्ह पूर्वीसारखाच जुळतो आणि डीटीपीवाल्याला फरक कळतही नाही.

'यूयूआयडी ऑलरेडी एक्झिस्ट्स' असं आलं तर तीच डिस्क आधीच्या खटपटीतून यादीत राहिलेली आहे. मीडिया मॅनेजरमध्ये ती शोधा आणि 'रिमूव्ह' करा. पुढचा प्रश्न नीट वाचा. तो विचारतो, फाइल ठेवू की पुसू? 'कीप' दाबायचं.

निळा पडदा, आणि आकड्याच्या शेवटी ७बी

छोटी फाइल हरवलेली असते तेव्हा लोक नवीन मशीन बनवून त्याला जुनी व्हीडीआय जोडतात. एक्सपी एक क्षण दिसतं आणि निळा पडदा येतो: 'इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस'. एक्सपी आयडीई या जुन्या पद्धतीच्या कंट्रोलरवर बसवलेलं होतं आणि नव्या मशीनने डिस्क साटा या नव्या पद्धतीच्या कंट्रोलरवर टांगली. एक्सपीकडे त्या साटाचा ड्रायव्हर नाही. डिस्क तिथून काढा, आयडीई कंट्रोलर जोडा, त्याच्या पहिल्या जागेवर तीच डिस्क लावा. कंट्रोलरचा प्रकार आधी 'पिक्स४' होता तर 'पिक्स४'च. 'आय/ओ एपिक'ची खूण पूर्वी होती तर आताही हवी, कारण विंडोज बसवताना ती बघून आपलं कर्नल ठरवतं आणि नंतर ती काढलेली त्याला चालत नाही. सेटिंग्जचे ते मोबाइलवरचे फोटो इथे उघडून बघा.

आत विंडोज १० किंवा ११ असेल आणि काळ्या पडद्यावर 'नो बूटेबल मीडियम' येत असेल, तर आधी ईएफआयची खूण तपासा. ईएफआयवर बसवलेलं विंडोज बायॉसवर उठत नाही, आणि उलटही तेच. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कचं कुलूप) चालू असेल तर रिकव्हरी की निघण्याआधीच कागदावर उतरवून घ्या.

हार्डवेअर लॉक

लॉक म्हणजे सॉफ्टवेअरच्या परवान्याची यूएसबीत लावायची किल्ली. छापखान्यांचं खरं घोडं इथे पेंड खातं. एक्सपी उठलं, डीटीपी उघडलं, आणि 'लॉक नॉट फाउंड'. लॉकचा दिवा तर पेटलेला आहे! मशीनच्या यूएसबी मेनूत उपकरणांची यादीच रिकामी दिसते. लिनक्सवर तुमचा युजर 'व्हीबॉक्सयूजर्स' या गटात असावा लागतो. त्यात घाला आणि मग पूर्ण लॉग आउट करून परत या. नुसती खिडकी बंद-उघड करून गट लागू होत नाही. यानंतर यादी दिसते, लॉकवर खूण करा आणि यूएसबी फिल्टर म्हणून त्याला कायमचा जोडा. यूएसबी कंट्रोलर ३.० ठेवला असेल तर एक्सपीला त्याचा ड्रायव्हर नाही, २.० किंवा १.१ ठेवा. व्हर्च्युअलबॉक्स ७.०च्या आधीची आवृत्ती असेल तर २.०साठी एक्स्टेन्शन पॅकही लागतो.

केव्हीएमवर जायचं असेल तर

विंडोजमधून आधी गेस्ट ॲडिशन्स (आत बसवलेली व्हर्च्युअलबॉक्सची पूरक साधनं) काढा. मग 'क्यूईएमयू-आयएमजी'च्या कन्व्हर्टने व्हीडीआयची क्यूकाऊ२ (केव्हीएमच्या डिस्कची फाइल) करा. मूळ फाइल तशीच राहते, नवीन तयार होते. पहिल्यांदा डिस्क व्हर्टआयओवर (केव्हीएमच्या खास आभासी कंट्रोलरवर) लावू नका, त्याचा ड्रायव्हर विंडोजमध्ये नसतो आणि पुन्हा तोच ७बी. विंडोज ७ किंवा १०ला साटावर सुरू करा, बाजूला एक छोटी रिकामी व्हर्टआयओ डिस्क जोडा, व्हर्टआयओचे ड्रायव्हर आत बसवा, मग बंद करून मुख्य डिस्क हलवा. एक्सपीला मात्र आयडीईच हवं. व्हर्ट-मॅनेजर (केव्हीएमची मशीनं बनवायचं साधन) नवीन मशीनला सहसा 'क्यू३५' चिपसेट देतो, त्यात आयडीई नाही. बनवतानाच 'आय४४०एफएक्स' निवडा, नंतर बदलणं कटकटीचं.

ॲपलच्या एम मालिकेच्या मॅकवर हेच मशीन नेण्याचा आग्रह धरणारे भेटतात. तिथे प्रोसेसरची जातच वेगळी आहे. एक्सपी चालेल ते यूटीएमसारख्या साधनात, पूर्ण नकल करून आणि सावकाश. एखादी जुनी पावती बघायला ठीक. जत्रेच्या हंगामात त्यावर पत्रकं लावायला बसू नका.

एवढं करूनही अडलं तर पडद्याचा फोटो पाठवण्याऐवजी मशीनच्या फोल्डरातल्या लॉग्जमधली 'व्हीबॉक्स लॉग' ही फाइल पाठवा. आकडा नसलेली ती ताजी, नावाच्या शेवटी एक-दोन आकडे असलेल्या त्या आधीच्या वेळच्या. मशीन सुरूच न होता यादीतच अडकलं असेल तर ही फाइल तयार होत नाही, तेव्हा छोटी 'व्हीबॉक्स' फाइल पाठवा, तीही पुरते. आणि जुनी हार्ड डिस्क नव्या ठिकाणी लॉकसकट एक पूर्ण काम छापून निघेपर्यंत पुसू नका.